ब्रोकेन: जुन्या सीमेच्या कडेने एका दिवसाची डोंगरवाट

उत्तर जर्मनीतल्या हार्त्स डोंगररांगेतला सर्वांत उंच डोंगर म्हणजे ब्रोकेन. तिथे जायचं तर आगगाडीने वर जाऊ नका. टोर्फहाऊसकडून पायी चढा, माथ्यावरून उत्तरेला एकर नावाच्या नदीवरच्या धरणाकडे उतरा आणि बाड हार्त्सबुर्गला बाहेर पडा. हॅनोव्हर, ब्राउनश्वाइग, गॉटिंगेन या पट्ट्यात नोकरी-शिक्षणासाठी आलेली मराठी मंडळी हार्त्सच्या डोंगरांबद्दल विचारतात, तेव्हा मी हाच मार्ग सांगते. चाकणच्या कारखान्यातून वोल्फ्सबुर्गला आलेल्या आमच्यासारख्यांना तर हा डोंगर अगदी हाताशी आहे.

नुसता डोंगर म्हणून बघायला गेलात तर सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ब्रोकेन फार भारी वाटणार नाही. उंची १,१४१ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरने कमी. कडा नाही, सुळका नाही. गोलसर, उघडाबोडका माथा आणि त्यावर एक मोठा प्रक्षेपण मनोरा. पण उत्तर जर्मनीतलं हे सर्वांत उंच ठिकाण, आणि त्याला अगदी खेटून पश्चिम आणि पूर्व जर्मनीची सीमा जात होती. ती सुमारे १,४०० किलोमीटरची रेषा आज जंगलात मिसळून गेली आहे. काय शोधायचं ते ठाऊक असेल तर ती पावलोपावली दिसते, ठाऊक नसेल तर दिवसभर तिच्या कडेने चालूनही कळत नाही. म्हणून रस्ता सांगता सांगता काय बघायचं तेही सांगते.

आधी थोडा इतिहास, कारण तो वाटेत लागणार आहे

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने ब्रोकेन घेतला आणि १९४७ मध्ये तो सोव्हिएतांच्या ताब्यात दिला. ऑगस्ट १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहिली त्याच सुमारास, माथा सामान्य माणसाला पूर्ण बंद झाला. वर सोव्हिएत सैनिक, पूर्व जर्मनीचे सीमारक्षक आणि गुप्तहेर खात्याचे कान लावून बसलेले लोक. सगळ्या माथ्याभोवती साडेतीन मीटरहून उंच काँक्रीटची भिंत. डोंगरावर जाणारी छोटी रेल्वे चालू होती, पण ती फक्त सैन्याची रसद न्यायची. पायथ्याचं शीर्के गाव बंदी असलेल्या पट्ट्यात होतं, तिथे जायलासुद्धा परवाना लागायचा.

माझे एक ज्येष्ठ सहकारी डोंगराच्या पूर्व जर्मनीतल्या बाजूच्या वेर्निगेरोडे गावचे. शाळेत जाता-येता रोज त्यांना ब्रोकेन दिसायचा, त्यावर पाऊल ठेवायला मात्र त्यांची तिशी उलटली. ३ डिसेंबर १९८९ ला, बर्लिनची भिंत पडून महिनाही झाला नव्हता तेव्हा, हजारो लोक थंडीत चालत वर गेले, दार उघडा म्हणून फाटकापाशी ठाण मांडलं आणि दुपारी ते फाटक उघडायला लावलं. वेर्निगेरोडेचेच बेन्नो श्मिट त्या डिसेंबरपासून जे ब्रोकेन चढू लागले, ते म्हातारपणी आठ हजारांचा आकडा ओलांडूनही थांबले नाहीत. २०२२ मध्ये ते गेले. तिकडे त्यांना सगळे ‘ब्रोकेन-बेन्नो’ म्हणत. ज्या डोंगराकडे आयुष्यभर खालून बघावं लागलं त्याच्यावर माणूस किती जीव लावतो, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

सोव्हिएत सैनिक शेवटी मार्च १९९४ मध्ये उतरले. तोवर माथ्याभोवतीची भिंत पाडून झाली होती.

कधी जावं, काय घ्यावं

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत चांगले. मेमध्ये माथ्यावर पांढरं ब्रोकेन-अॅनिमोन फुलतं. पाकळ्यांआड पिवळं केसर आणि देठावर मऊ लव. जर्मनीत ते आपसूक उगवतं ते याच डोंगरावर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार, आणि आता सावलीही उरलेली नाही, ते पुढे सांगते.

ब्रोकेनवर वर्षातले तीनशेहून जास्त दिवस कधी ना कधी धुकं असतं. वाऱ्याची नोंद १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये ताशी २६३ किलोमीटर झाली आहे. हे आकडे घाबरवायला देत नाही. खाली शहरात टी-शर्ट घालून फिरण्यासारखं ऊन असलं तरी वर ७-८ अंश कमी आणि अंगाला झोंबणारा वारा असतो, एवढं लक्षात राहावं म्हणून देते. वाऱ्याचं जाकीट, पातळ लोकरी टोपी, कोरडा बनियन आणि कोरडे मोजे हे जूनमध्येसुद्धा सॅकमध्ये हवेतच. छत्री घरी ठेवा, वर ती उलटी होते. आदल्या रात्री आणि निघायच्या आधी माथ्यावरचा वेबकॅम बघा. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर सरळ दिवस बदला: वाटेच्या दोन्ही बाजूंना वाळलेली झाडं उभी आहेत आणि ती कधीही पडतात.

पाणी दोन लिटर. ओढ्यांचं पाणी दलदलीतून येतं, चहासारखं तांबूस असतं. ते पिऊ नका. शिदोरीला मी मेथीचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेते. धपाटे थंडीत वातड होत नाहीत आणि वाऱ्यात उभ्याउभ्या खाता येतात. माथ्यावर वाटाण्याचं गरम सूप मिळतं, ते इथलं ठरलेलं खाणं. शाकाहारी असाल तर सॉसेज न घालता मागा. खिशात थोडे रोख पैसे असू द्या, लहान टपऱ्यांवर कार्ड चालेलच असं नाही.

बूट घोट्यापर्यंतचे, तळवा कडक असलेले. आणि गोचिडी. सह्याद्रीत आपण जळवा आणि साप सांभाळतो, इथे गोचीड सांभाळायची. तिच्यामुळे होणारा बोरेलिओसिस हा आजार खरोखर त्रास देतो. पँट मोज्यात खोचा, गवतात बसू नका, घरी गेल्यावर गुडघ्याची मागची बाजू, काखा, कंबर नीट तपासा. मुलांचे कान आणि केसही.

टोर्फहाऊसला पोचणं

या वाटेची सुरुवात आणि शेवट दोन्ही बाड हार्त्सबुर्ग स्टेशनावरून होतात, त्यामुळे गाडी नेण्याची गरजच नाही. ब्राउनश्वाइगहून लोकल गाडी थेट बाड हार्त्सबुर्गला येते, पाऊण तासाच्या आसपास. स्टेशनाबाहेरून ब्राउनलागेकडे जाणारी ८२० नंबरची बस पकडायची आणि टोर्फहाऊसला उतरायचं. दोन्हीकडे डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या आणि बसचा महिन्याचा पास, चालतं. बसच्या वेळा आदल्या रात्री अॅपवर बघून ठेवा, आणि सकाळची जितकी लवकरची मिळेल तितकी घ्या. नऊच्या आत टोर्फहाऊस सोडलंत तर दिवस मजेत जातो.

एकूण चाल २१-२२ किलोमीटर. टोर्फहाऊस सुमारे ८०० मीटरवर आहे, त्यामुळे चढ फार नाही. रोज सिंहगड चढणाऱ्याला तो जाणवणारही नाही. उतार मात्र जवळजवळ ९०० मीटरचा आहे आणि तोच गुडघ्यांची परीक्षा घेतो. खाणं, बघणं, थांबणं धरून आठ-नऊ तास मोजा.

टोर्फहाऊसला राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र आहे. स्वच्छतागृह वापरून घ्या, वाटा बंद आहेत का ते विचारा. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की समोर ब्रोकेन सबंध दिसतो. अठ्ठावीस वर्षं पश्चिमेकडचे लोक इथवर यायचे, दुर्बिणीतून बघायचे आणि परत जायचे.

टोर्फहाऊस ते एकर नदीचा उगम

जर्मन कवी गोएथे १० डिसेंबर १७७७ ला बर्फातून इथूनच ब्रोकेन चढला, म्हणून वाटेला त्याचं नाव आहे: गोएथेवेग. पाट्या भरपूर, चुकण्याचा संभव कमी.

सुरुवातीला डाव्या-उजव्या हाताला दलदल लागते. ही हजारो वर्षं साठलेल्या शेवाळाची जमीन आहे, वाटेवरून पाय खाली ठेवू नका. पुढे एक अरुंद पाट तुमच्या शेजारून वाहू लागतो. त्याच्या काठाने वाट इतकी सपाट जाते की आपण डोंगर चढतोय हे विसरायला होतं. हार्त्समधल्या चांदीच्या खाणींची चाकं फिरवायला पूर्वी असे शेकडो पाट आणि तलाव बांधले गेले, २०१० पासून ही सगळी व्यवस्था जागतिक वारसा आहे. पाण्यात हात घालून बघा, ऑगस्टमध्येसुद्धा बोटं बधिर होतात.

मग झाडं बदलतात. म्हणजे मेलेली झाडं सुरू होतात. जिकडे बघाल तिकडे राखाडी, साल गळालेले स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे उभे सांगाडे. २०१८ पासूनच्या कोरड्या वर्षांनी झाडं कमकुवत झाली आणि साल पोखरणाऱ्या किड्यांनी ती संपवली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ब्रोकेनजवळ मोठा वणवाही लागला. पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो. पण खाली वाका आणि जमिनीकडे बघा: रोवन, बर्च, गुडघ्याएवढे कोवळे स्प्रूस, ब्लूबेरीची झुडपं. उद्यानवाल्यांनी इथे ठरवून हात लावलेला नाही, जंगल स्वतःचं स्वतः उभं राहू देतायत. मला हा निर्णय पटतो. खाणींच्या लाकडासाठी माणसाने एकसारख्या ओळींत लावलेलं स्प्रूस होतं ते. आता येतंय ते वेगवेगळ्या झाडांचं जंगल आहे.

चढ थोडा तीव्र होतो, पुन्हा सौम्य होतो आणि तुम्ही एकरश्प्रुंगला येता, म्हणजे एकर नदीच्या उगमापाशी. घाईत असलेले लोक इथून न थांबता पुढे जातात. तुम्ही थांबा, कारण तुम्ही सीमेवर उभे आहात. आज इथे फक्त दोन राज्यांची हद्द आहे, पश्चिमेला निडरझाक्सेन आणि पूर्वेला झाक्सेन-आनहाल्ट. १९८९ पर्यंत हा ओहळ दोन जगांची हद्द होता.

इथून पूर्वेला निघाल्यावर पूर्वी काय लागलं असतं ते क्रमाने सांगते. आधी काळ्या-लाल-सोनेरी पट्ट्यांचे खांब. खरी सीमा त्यांच्यापाशीच, पण तिथे कुंपण नव्हतं. खांब ओलांडले की पूर्व जर्मनीच्याच मालकीची रिकामी जमीन, मग जाळीचं लोखंडी कुंपण. त्याच्यामागे गाड्या अडवायचा चर. मग सहा मीटर रुंदीची, सतत नांगरून भुसभुशीत ठेवलेली मातीची पट्टी, पाऊल पडलं की ठसा उमटावा म्हणून. त्याच्यामागे गस्तीचा रस्ता, टेहळणीचे मनोरे आणि आत आणखी एक तारेचं कुंपण, हात लागला की ठाण्यात घंटा वाजवणारं. बऱ्याच भागांत सुरुंग होते, कुंपणावर आपोआप उडणाऱ्या बंदुका होत्या. त्या आणि सुरुंग १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत काढले गेले. या सगळ्याची तोंडं आतल्या बाजूला होती. आपल्याच माणसांना बाहेर जाऊ न देण्यासाठी हे बांधलं होतं, आणि जायचा प्रयत्न करताना या सीमेवर माणसं मेली. मी इथे मुलांना घेऊन येते तेव्हा हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगते.

आता डोळे उघडे ठेवून पुढे चला. रस्त्यात काँक्रीटचे भोकांचे स्लॅब दिसले की समजा, तुम्ही गस्तीच्या रस्त्यावर आहात. त्याला जर्मनीत कोलोनेनवेग म्हणतात. आणि जंगलात एखादा पट्टा असा दिसेल जिथली झाडं दोन्ही बाजूंपेक्षा तरुण आहेत. तिथे १९८९ पर्यंत एकही झाड उगवू दिलं जात नव्हतं.

रुळांच्या कडेने माथ्यावर

थोड्याच वेळात वाट ब्रोकेनच्या रेल्वेला भिडते. वर येणारी आणि खाली जाणारी गाडी जिथे एकमेकींना वाट देतात ते ठिकाण लागेल. वाफेचं इंजिन धापा टाकत शेजारून जातं तेव्हा मुलंच काय, मोठी माणसंही थांबतात. एक मीटर रुंदीचे रूळ, १८९९ पासूनचे; प्रवाशांसाठी गाडी पुन्हा सुरू झाली सप्टेंबर १९९१ मध्ये. रूळ ओलांडून फोटो काढू नका.

शेवटचा भाग शीर्केहून येणाऱ्या डांबरी रस्त्याने आहे. कंटाळवाणा, वाऱ्याचा आणि रविवारी गर्दीचा. मान खाली घालून चालून टाका.

वर मध्यभागी दगडांच्या राशीत एक मोठी शिळा आहे. तिच्यावर १,१४२ मीटर लिहिलेलं दिसेल. डोंगर त्याहून थोडा कमी भरतो, म्हणून दगड रचून ती उंची पुरी केली आहे. तिथे फोटोसाठी रांग असते. रांगेत उभं राहण्याऐवजी माथ्याची प्रदक्षिणा घाला, साधारण दीड किलोमीटरची. जुनी भिंत याच कडेने फिरत होती. वारा कानात घुमत असतो, एका बाजूला खाली वेर्निगेरोडेची लाल छपरं, दुसऱ्या बाजूला जिथून सकाळी निघालात ते टोर्फहाऊस. भिंत होती तेव्हा आत राहणाऱ्या सैनिकाला यातलं बहुतेक काही दिसत नसणार.

वेळ असेल तर घुमटाच्या इमारतीतलं ब्रोकेनहाऊस हे संग्रहालय बघा. घुमटामुळे लोकांनी तिला ‘मशीद’ असं नाव ठेवलं होतं. पश्चिमेकडची संभाषणं इथून ऐकली जायची. ऐकण्याची यंत्रणा अजून जागेवर आहे. शेजारची वनस्पतिबाग १८९० ची आहे, जगभरच्या उंच पर्वतांवरची झाडं तिथे वाढवली आहेत.

आणि नशीब असेल तर इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जे दिसतं, तेच. युरोपात त्याला या डोंगराचंच नाव आहे, कारण इथे ते पाहून योहान झिल्बरश्लाग यांनी १७८० मध्ये त्याचं वर्णन केलं. सूर्य कललेला हवा आणि तुमच्या पाठीशी हवा, समोर तुमच्या पातळीच्या खाली धुकं हवं. सकाळी असाल तर पश्चिमेकडे बघा, संध्याकाळी पूर्वेकडे. धुक्यावर तुमची लांबलचक सावली पडते आणि डोक्याभोवती रंगीत कडं उमटतं. शेजारी उभ्या असलेल्याला त्याचं कडं दिसतं, तुम्हाला तुमचं. हिवाळ्यात खाली ढग बसतात आणि माथा उन्हात असतो, तेव्हा याची शक्यता जास्त.

हिर्टेनश्टीगने उतार

आता खरी सीमेची वाट. माथ्याच्या उत्तरेला हिर्टेनश्टीगची पाटी शोधा, शार्फेनश्टाइनच्या दिशेची. नव्वद टक्के लोक आल्या वाटेने किंवा गाडीने परत जातात. इकडे वळल्यावर दहा मिनिटांत आवाज थांबतो.

ही सगळी उतरण गस्तीच्या स्लॅबवरून आहे. चाकांच्या अंतरावर काँक्रीटचे दोन समांतर पट्टे, प्रत्येक स्लॅबला चौकोनी भोकांच्या ओळी. तेव्हा ट्रक आणि जीप यांवरून सरळ चढत, म्हणून वाट नागमोडी नाही, डोंगराच्या अंगावरून सरळसोट खाली जाते. काही जागी उतार २० टक्क्यांच्या पुढे आहे. भोकांत आता माती भरलीय, शेवाळ आणि बारीक गवत उगवलंय, काही भोकांत ब्लूबेरीचं रोपटं. एखादा स्लॅब कडेला तुटलेला, आतली लोखंडी सळई गंजून बाहेर आलेली.

इथे कसं चालायचं ते नीट ऐका. ट्रेकिंगच्या काठ्या मिटून सॅकला बांधा. टोक भोकात अडकतं आणि मनगटाला हिसका बसतो, काठीही मोडते. टाच आधी टेकवू नका. पूर्ण तळवा टेकवा, पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. बुटाचा पुढचा भाग भोकाच्या काठावर आला की पाय मुरगळतो, म्हणून दोन भोकांच्या मधल्या काँक्रीटवर पाऊल टाकायची सवय लावा. स्लॅब ओले असतील तर दोन पट्ट्यांच्या मधल्या गवताळ भागातून उतरा, तिथे पकड मिळते. नाडे पुढच्या बाजूने घट्ट बांधा, नाहीतर संध्याकाळपर्यंत अंगठ्याचं नख निळं होईल. बर्फ असेल तेव्हा ही वाट धरू नका, आल्या वाटेने परत जा.

उतरताना एकरची दरी आणि सीमा डाव्या हाताला खाली असते. मधूनच झाडांच्या सांगाड्यांतून धरणाचं पाणी चमकतं. उजवीकडे इल्सेनबुर्गची वाट फुटेल, ती सोडा. साधारण चार किलोमीटरवर शार्फेनश्टाइन. आज इथे उद्यानाच्या रक्षकांचं ठाणं आहे, पूर्वी सीमारक्षकांच्या बराकी होत्या. ठाणं उघडं असेल तर गरम पेय आणि केक मिळतो. बाजूची छोटी वाट कड्यावर जाते. अर्धा तास मोडतो, पण तिथून मागे अख्खा ब्रोकेन आणि खाली जलाशय एका नजरेत येतो. सबंध दिवसात बसावं अशी ही एकच जागा मी सांगेन. दुपारचं खाणं इथे खा.

धरण

शार्फेनश्टाइनहून खाली उतरलं की जलाशयाची कड लागते, तिच्या काठाने भिंतीपर्यंत जा. एकर धरण दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सुमारास पुरं झालं. नंतर नकाशावर जी रेषा ओढली गेली ती नदीवरून, म्हणजे धरणाच्या भिंतीवरूनही गेली. एका धरणाची एक बाजू एका देशात, दुसरी दुसऱ्या. भिंतीच्या माथ्यावरच अडथळा उभारून रस्ता तोडला होता. पाणी मात्र पूर्वेच्या डोंगरातून येऊन पश्चिमेच्या शहरांना मिळत राहिलं. आजही ते ब्राउनश्वाइग आणि वोल्फ्सबुर्गला येतं. आमच्या नळाला येणारं पाणी इथून निघतं हे कळल्यापासून मी या भिंतीवर जरा जास्तच रेंगाळते.

भिंतीवरून चालत पलीकडे जा आणि मध्यावर थांबून दोन्हीकडे बघा. सकाळी नदीच्या उगमापाशी एका उडीत ओलांडलेली सीमा इथे दोनशेहून जास्त मीटर लांबीच्या भिंतीवर ओलांडायची असते. इथे हार्त्सच्या शिक्क्यांची पेटी आहे, नंबर १. (हार्त्सभर अशा २२२ पेट्या आहेत, ब्रोकेनची ९ नंबरची. वही विकत घेऊन शिक्के जमवायचे, आठ झाले की पहिलं पदक. मुलं सोबत असतील तर वही घ्याच, चालण्याची कुरकूर थांबते.)

पलीकडून बाड हार्त्सबुर्ग सातेक किलोमीटर. मोल्केनहाऊसच्या पाट्या धरा. हा बीच आणि मिश्र झाडांचा हिरवागार, सावलीचा भाग आहे. वरच्या सांगाड्यांनंतर डोळ्यांना बरं वाटतं. मोल्केनहाऊसला खायला मिळतं, पण संध्याकाळी लवकर बंद होतं. तिथून गावापर्यंत रुंद, सोपा उतार. पायांत बळ असेल तर राबेनक्लिपेचा फाटा घेऊन लिंक्सचं आवार बघता येतं. हार्त्समध्ये नाहीसा झालेला हा रानमांजराच्या जातीचा मोठा प्राणी २००० पासून पुन्हा सोडला गेला आणि रुजला.

एक नियम सबंध वाटेला लागू आहे: पायवाट सोडायची नाही, तंबू नाही, शेकोटी नाही, ड्रोन नाही, फूल तोडायचं नाही. सीमेवर माणूस फिरकत नव्हता म्हणून त्या पट्ट्यात दुर्मीळ पक्षी आणि झाडं टिकली. डिसेंबर १९८९ मध्येच दोन्हीकडचे निसर्गप्रेमी होफ शहरात जमले आणि हा सगळा पट्टा हिरवा ठेवायची मागणी त्यांनी केली. तिथून ‘ग्रीन बेल्ट’ची कल्पना आली. अडचण आली तर फोन ११२ वर करायचा. जवळच्या खांबावर किंवा पाटीवर लिहिलेलं ठिकाण वाचून सांगा.

आई-बाबा आले असतील तर

भारतातून आलेल्या साठी-सत्तरीच्या माणसांना हा उतार उतरवू नका. त्यांच्यासाठी टोर्फहाऊस ते एकरश्प्रुंग आणि परत एवढीच चाल पुरेशी आहे. पाटाच्या काठाची सपाट वाट त्यांना आवडतेच. माथा बघायचाच असेल तर त्यांना शीर्केहून गाडीने वर पाठवा आणि तुम्ही पायी जाऊन भेटा. त्या गाडीवर डॉइचलांड-तिकीट चालत नाही आणि तिचं तिकीट स्वस्त नाही, हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे खिडकीपाशी युरोचे रुपये करत बसणार नाहीत.

कुंपण आणि मनोरा प्रत्यक्ष बघायचा असेल तर झोर्गे गावाबाहेर उघड्यावरचं सीमा-संग्रहालय आहे. जाळीचं कुंपण, मनोरा आणि गस्तीचा रस्ता जागच्या जागी राखलाय, चाल थोडी आणि सोपी. महामार्गावरून गाडीने येत असाल तर हेल्मश्टेटजवळचं मारीएनबोर्न घ्या. सीमेवरची सर्वांत मोठी तपासणी चौकी, प्रवेश मोफत. तिथे गाड्या ज्या छपराखाली उभ्या करून तपासत ते छप्पर, दिवे, पासपोर्ट सरकवायचा झाकलेला पट्टा सगळं तसंच आहे. शक्य असेल तर हे ब्रोकेनच्या आधीच्या रविवारी बघा. मग जंगलातले स्लॅब दिसायला लागतात.